जनावरांच्या दवाखान्यात भरलेली शाळा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली पहिली जागा जनावरांच्या दवाखान्याची होती. दवाखाना बंद पडला होता, इमारत रिकामी होती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन आलेल्या या जोडप्याने तिथेच माणसांचे रुग्ण तपासायला सुरुवात केली. ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ असे संस्थेचे भारदस्त नाव कागदोपत्री राहिले. पंचक्रोशीतले लोक मात्र आरोळ्यांचा दवाखाना एवढेच म्हणत. या दवाखान्याला पुढे जगभर नाव मिळाले ते तिथे भरलेल्या शाळेमुळे. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये उभे राहून अर्धे अधिक काम पेलणारा माणूस कसा घडवावा, याचे महाराष्ट्रात दीर्घकाळ चाललेले प्रशिक्षण ते हेच.

आपल्या उल्हास खोऱ्यातून जामखेडची वाट सरळ आहे. कल्याणहून शहाड, म्हारळ, मुरबाड करत माळशेज घाट चढणारा रस्ता आळेफाट्यावरून नगरला जातो आणि नगरच्या आग्नेयेला साधारण पाऊणशे किलोमीटरवर जामखेड लागते. मध्य रेल्वेच्या प्रवाशांचा एक घोळ मात्र आधीच मिटवायला हवा. या इतिहासात कर्जत तालुका येतो, तो बदलापूर-नेरळच्या पुढचा, लोकलच्या पाटीवरचा कर्जत नव्हे. जामखेडच्या शेजारचा, नगर जिल्ह्यातला कर्जत. आपल्या कर्जतला पावसाळ्यात छत्री उलटी होते. तिकडच्या कर्जतला ढग येतात, लोक वर बघतात आणि ढग पुढे निघून जातात.

रजनीकांत आरोळ्यांचा जन्म १९३४चा, नगर जिल्ह्यातला. घर शिक्षकांचे. मेबल जबलपूरच्या. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पडली. १९६० मध्ये लग्न झाले तेव्हाच खेड्यातल्या गरिबांत काम करायचे हे ठरलेले होते. पुढे नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षे काढली. तिथे रांग संपत नसे. हगवणीचे मूल सलाइन लावून बरे करायचे, घरी पाठवायचे आणि काही आठवड्यांनी तेच मूल किंवा त्याचे भावंड पुन्हा दारात. दवाखाना चांगला चालला म्हणजे गावातले आजारपण कमी झाले असे होत नाही, हे वडाळ्यात त्यांच्या पुरते ध्यानात आले. मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले, पुढचे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि शेवटी हॉपकिन्समध्ये प्रा. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्य शिकले. जामखेडचा आराखडा तिथेच तयार झाला. जागा निवडताना दोन गोष्टी त्यांनी पाहिल्या: भाग खरोखर अडलेला असावा आणि लोकांनी आपणहून बोलवावे. बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या कडेला असलेला जामखेड पहिल्या कसोटीला सहज उतरला. दुसरीसाठी गावच्या पुढाऱ्यांनी शब्द दिला.

काम सुरू होते न होते तोच दुष्काळ पडला. १९७२चा दुष्काळ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लोकांना गोळ्या नकोत, अन्न आणि पाणी हवे, हे डॉक्टरांना कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय कळले. संस्थेने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, बोअर घेतल्या. या बोअरांबाबत जामखेडची एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. हातपंप कुठे बसवायचा हे ठरवताना दलित वस्तीतली जागा निवडली जाई. पाणी तिथेच लागते म्हटल्यावर साऱ्या गावाला घागरी घेऊन तिकडे जावे लागे. भाषण न करता केलेली ही समाजसुधारणा होती. थोडी बनवाबनवीही होती, आणि ती माफ करायला हरकत नाही.

गावागावांत आरोग्यसेवा न्यायची कशी? सुरुवातीचा विचार सरळमार्गी होता. शिकलेल्या नर्सबाई, म्हणजे एएनएम, गावात राहायला पाठवाव्यात. तो फसला. शहरातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या एकट्या तरुण मुलीला खेड्यात राहणे धोक्याचे वाटे. गावातल्या बायकांना ती परकी वाटे. बाळंतपणात काय खायचे हे बिनलग्नाच्या पोरीकडून ऐकून घेणारी सासू त्या काळी शोधून सापडली नसती. नर्स गावात असूनही काम होत नव्हते. तेव्हा गावकऱ्यांतूनच सूचना आली की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा की. डॉक्टरांनी ती मानली. संस्थेच्या इतिहासात याहून मोठा निर्णय दुसरा नाही.

बाई निवडायची गावाने. ती त्याच गावात नांदणारी, शक्यतो मुले मोठी झालेली, लोकांच्या उपयोगी पडण्याची हौस असलेली असावी. शिक्षणाची अट नव्हती. ठेवली असती तर निवडायला कुणी उरलेच नसते. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता किंवा विधवा, काही चांगल्या खात्यापित्या मराठा घरच्या. आपले नाव सांगायची त्यांना सवय नव्हती. अमक्याची आई, तमक्याची मालकीण एवढीच ओळख. त्यामुळे अभ्यासक्रमाचा पहिला धडा शरीरशास्त्राचा नव्हता. उभे राहायचे, आपले नाव मोठ्याने सांगायचे, चारचौघांत दोन वाक्ये बोलायची, हा होता. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात हा धडा ऐकून हसले असते. पण गावच्या सरपंचाला ‘विहिरीत औषध टाका’ असे सांगायचे तर आधी आवाज फुटायला हवा.

दुसरा धडा जेवणाच्या पंगतीत झाला. शिकायला आलेल्या बायका जामखेडला मुक्काम करत. निरनिराळ्या जातींच्या बायकांनी एकत्र रांधायचे, एकत्र जेवायचे, एकाच खोलीत झोपायचे. सुरुवातीला काहींनी आपापल्या भाकरी बांधून आणल्या, वेगळ्या बसल्या. हे किती दिवस चालले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण चालले. पुढे हळूहळू मोडले. मोडले नसते तर प्रशिक्षण फुकट गेले असते, कारण महारवाड्यातल्या बाळंतिणीला हात न लावणारी आरोग्य कार्यकर्ती काय कामाची?

आता प्रत्यक्ष वर्गाकडे. बाकडी नाहीत, सतरंजीवर गोल. शिकवणारे डॉक्टर, नर्स आणि समाजसेवक. हाताशी चित्रांची कार्डे, कपड्यावर चिकटवायची चित्रे आणि गाणी. ज्यांना वाचता येत नाही त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते, हे आरोळ्यांनी चटकन हेरले. जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ असणाऱ्या बायकांना लसींचे वेळापत्रक चालीवर बसवून दिले की विसरत नसत. एका वेळी एकच विषय. समजा हगवण. बाळ का सुकते, टाळू का बसते, डोळे खोल का जातात हे चित्रावर पाहायचे. मग स्वच्छ पाण्यात साखर आणि मीठ घालून जलसंजीवनी करायची. प्रमाण चुकले की बाळाला अपाय होतो, म्हणून चव घेऊन पाहायची, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. हे प्रत्येकीने करून दाखवायचे. शेवटी बाटलीतल्या सलाइनचे गुपित फोडायचे. दवाखान्यात पैसे मोजून शिरेतून घेतात त्या बाटलीतही मुख्यतः मीठ आणि पाणीच असते. पोर पिऊ शकत असेल तोवर घरचे पाणी पुरते. पीत नसेल, गुंगीत असेल तर गाडी बघा आणि जामखेड गाठा.

या शेवटच्या वाक्यात सगळ्या प्रशिक्षणाची मेख आहे. आपण काय करू शकतो याइतकेच आपण कुठे थांबायचे हे त्यांना शिकवले गेले. कोणता ताप घरी उतरेल आणि कोणता नाही, कोणती गरोदर बाई घरी बाळंत होऊ शकेल आणि कोणत्या बाईच्या पायाची सूज धोक्याची आहे, हे ओळखणे म्हणजेच निदानाचा निम्मा भाग. तेवढा भाग गावातच पार पडला की डॉक्टरच्या वाट्याला खरोखर डॉक्टरचे काम येते. आरोळ्यांनी आपल्या कामाची वाटणीच तशी केली. डॉक्टर करत होते त्यातले पुष्कळ काम नर्सकडे गेले, नर्सचे गावातल्या बाईकडे आणि गावातल्या बाईचे पुढे आयांकडे.

बाळंतपणाचा धडा सर्वांत मोलाचा. त्या काळी नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्याने कापली जाई आणि जखमेला राख, शेण लावण्याची चाल होती. मूल चार-सहा दिवसांत आखडून, धनुर्वाताने जाई आणि लोक सटवाईला बोल लावत. संस्थेने बाळंतपणाचे एक पुडके तयार केले: निर्जंतुक केलेले गॉज, नवे ब्लेड, नाळ बांधायला दोरा. बस्स. किमतीने अगदी क्षुल्लक. पण हे पुडके नुसते हातात देऊन भागत नव्हते. डोळ्यांना न दिसणारे जंतू म्हणजे काय, उकळल्याने ते का मरतात, गरोदरपणी धनुर्वाताची लस कशाला, हे पटल्याखेरीज सासूबाई ब्लेड बाजूला ठेवून विळाच उचलणार. ज्या गावात आरोग्य कार्यकर्तीने हे पटवले तिथे सटवाईचा कोप आपोआप थंडावला.

वर्ग संपला की वॉर्ड. पुस्तकात ज्याला बेडसाइड टीचिंग म्हणतात ते जामखेडला साधेपणाने चाले. रक्त कमी झालेल्या बाईच्या पापणीची आतली बाजू फिकी कशी दिसते हे खाटेजवळ उभे राहून पाहायचे आणि मग आपल्या शेजारणीची पापणी ओढून तुलना करायची. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा पिसाने किंवा कापसाने तपासायचा. गरोदर बाईच्या पोटावर नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे. ज्या बाईने कधी अक्षर गिरवले नव्हते तिने रक्तदाबाचे यंत्र वापरायला शिकणे, याचे डॉक्टरांना नवल वाटे, तिला वाटत नसे. स्वतःच्या गावचा रुग्ण दवाखान्यात आणला की ती त्याच्याबरोबर थांबे. डॉक्टर तिच्यासमोर तपासत, काय निघाले ते तिला सांगत, घरी गेल्यावर काय बघायचे ते तिलाच बजावत. रुग्णाच्या नातेवाइकांसमोर डॉक्टरने आपल्या गावच्या बाईशी बरोबरीने बोलणे, याने तिची गावातली पत जितकी वाढे तितकी प्रमाणपत्राने वाढली नसती.

तिसरा वर्ग फिरता होता. नर्स, समाजसेवक, निमवैद्यकीय कर्मचारी आणि चालक असे पथक जीपमधून ठरलेल्या दिवशी गावात जाई. कार्यकर्तीबरोबर घरोघर फिरून तिने गेल्या वेळेनंतर काय केले ते पाही. कोण गरोदर, कुणाचे मूल वजनात मागे, कुणी क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या नोंदी घरची मुले किंवा गावातली शाळकरी पोरे लिहून देत. चुकले असेल तर तिथेच, त्याच घरात दुरुस्त केले जाई, आणि तिला जे जमले नसेल ते पुढच्या आठवड्याच्या वर्गाचा विषय होई.

पुढच्या आठवड्याच्या, हे शब्द महत्त्वाचे. कारण जामखेडचा अभ्यासक्रम संपतच नसे. बायका दर आठवड्याला येत राहिल्या, वर्षानुवर्षे. प्रत्येकीने आधी आपल्या गावची खबर द्यायची: जन्म किती, मृत्यू किती, का झाला, टाळता आला असता का. इतरजणी प्रश्न विचारत, टोकत, स्वतःचा अनुभव सांगत. जुन्या बाया नव्यांना शिकवू लागल्या. डॉक्टर मधूनच दुरुस्ती करत. बदली, रजा, निवृत्ती ही भानगड नसल्याने एकेका बाईने दोन-तीन दशके हा वर्ग केला. इतका लांब निवासी अभ्यास कुठल्याही पदव्युत्तर डॉक्टरच्या वाट्याला येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते जामखेडच्या यशाचे श्रेय या न संपणाऱ्या वर्गाला आहे, आणि अनुकरण करणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट वगळली.

याच सुमारास जगात दुसरीकडेही डॉक्टरांच्या मदतनिसांचा विचार चालू होता. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग सुरू केला. नौदलात जखमींची शुश्रूषा करून आलेले चौघे विद्यार्थी होते, त्यांतले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. चीनमध्ये अनवाणी डॉक्टरांची मोहीम साठच्या दशकातच उभी राहिली. भारतात फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने आला. आता तो पदवीचा झाला आहे, तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात या व्यावसायिकांना स्थान मिळाले. ड्यूकचा किंवा चेन्नईचा मदतनीस डॉक्टरच्या शेजारी काम करतो. जामखेडची बाई जिथे डॉक्टर नाही तिथे उभी होती. तरी दोन्हीकडचे एक सूत्र सारखे निघाले: ज्याने आधी माणसे हाताळली आहेत त्याला वर्गात बसवा, तो लवकर शिकतो.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसला. संस्थेच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. देशाचा आकडा तेव्हा १२९ होता. १९७६ पर्यंत जामखेडचा ५२ वर आला आणि नव्वदीच्या सुरुवातीला १९ वर. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आले. तीन वर्षांनी अल्मा-आता इथल्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तेव्हा जगापुढे जी मोजकी उदाहरणे होती त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण.

स्मरणिकेत फक्त कौतुक छापायचे अशी रीत आहे, ती इथे थोडी मोडायला हवी. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रकल्पातली गावे आणि शेजारची इतर गावे यांची तुलना केली. पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी आढळला. पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत दोन्हींकडे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्या पहिल्या महिन्याचे कोडे त्याआधीच गडचिरोलीत सुटले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ स्थापन केली. त्यांच्या ३९ गावांत, थोडेबहुत शिकलेल्या स्थानिक आरोग्यदूत बायकांनी नवजात बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे इथवर मजल मारली. नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई द्यावी का, यावरून डॉक्टरमंडळींत बरेच वादळ झाले होते. आकडे आल्यावर ते निवळले.

सगळीकडे मात्र असे गोड झाले नाही. अलिबागजवळच्या मांडव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनी सत्तरीतच असाच प्रयोग केला. बायका तयार झाल्या, काम दिसू लागले आणि स्थानिक राजकारणाचा विरोध वाढत जाऊन प्रकल्प गुंडाळावा लागला. आरोग्याचे ज्ञान गावात वाटले की गावातली काही माणसे अस्वस्थ होतात. जामखेडला तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे आधी उभी राहिली होती, ती ढाल इथे उपयोगी पडली.

सरकारने जामखेडची कल्पना उचलली ती आपल्या पद्धतीने. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने देशभर गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. प्रशिक्षण तीन महिन्यांचे, मानधन महिना ५० रुपये. निवडले गेले ते मुख्यत्वे पुरुष, आणि बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश कोण देणार? तीन महिन्यांनंतर त्यांना पुन्हा वर्गात बोलावण्याची तजवीज अगदीच तोकडी होती. योजना नावे बदलत विरून गेली. २००५ मध्ये ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली ती या अनुभवातून शहाणी होऊन: बाईच हवी, त्याच गावची हवी. पण तिथे किमान आठवी, पुढे दहावी शिक्षणाची अट आली आणि पहिल्या वर्षाचे प्रशिक्षण २३ दिवसांचे ठरले. या अटीवर जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बहुतेक बायका अर्ज भरतानाच बाद झाल्या असत्या.

त्या फळीतल्याच मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातली झुंबरे दाखवून त्यांनी सांगितले की डॉक्टर असे असतात, लखलखीत पण महाग आणि उंच टांगलेले. मग वातीचा साधा दिवा काढून त्याने दुसरा लावून दाखवला. सभेने उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुढे नव्वदीत जामखेडला प्रशिक्षणासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था झाली. देशोदेशीचे डॉक्टर, नर्स आणि विद्यार्थी तिथे येऊ लागले. दुभाष्याच्या मदतीने त्यांचे तास घेऊ लागल्या त्या याच बायका. काही पाहुण्यांना ते पचायला वेळ लागे.

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि चिरंजीव रवी यांनी काम पुढे चालवले. दरम्यान गावे बदलली. रस्ते झाले, खासगी दवाखाने आले, धनुर्वात आणि गोवराची जागा रक्तदाब आणि मधुमेहाने घेतली. कार्यकर्त्यांचा वर्गही बदलला. जिथे बाळाचे वजन करायला शिकवत तिथे रक्तातली साखर तपासायला शिकवू लागले. पगार या बायकांना कधी मिळाला नाही. सुरुवातीला नाममात्र मानधन होते, पुढे पोटापाण्यासाठी बांगड्या, किराणा, शेळ्या असे लहान धंदे. याबद्दल टीका झाली आहे आणि ती अगदीच चुकीची नाही. सेवाभावावर इतकी वर्षे भार टाकणे हे डॉक्टरांच्या बाबतीत कुणी सुचवत नाही.

उल्हास खोऱ्यातल्या शहरांना या इतिहासाशी काय देणेघेणे? उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडपर्यंतच्या रुग्णांचा भार वाहते. तिथल्या बाह्यरुग्ण विभागाची सकाळची रांग ज्याने पाहिली आहे त्याला वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलची गोष्ट निराळी सांगावी लागणार नाही. शहरी आरोग्य अभियानामुळे २०१३ नंतर झोपडपट्ट्यांतही आशाताई आल्या. चाळीच्या जिन्यावरून चढताना त्यांच्या पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे आणि लोहाच्या गोळ्या असतात, आणि त्यांच्यामागे महिन्याच्या अहवालांचा ससेमिरा. ग्रामीण भागातल्या उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, बहुतेक बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले. सहा महिन्यांचा जादा अभ्यासक्रम, थोडा वर्गात आणि थोडा रुग्णालयात, पूर्ण करून ते रुजू होतात. फिजिशियन असिस्टंटच्या सर्वांत जवळ जाणारे महाराष्ट्रातले सरकारी पद हेच.

आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच वेळी उद्घाटन झाले, त्यांत अंबरनाथ आहे. एमबीबीएसच्या शंभर जागा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी गावातली कुटुंबे दत्तक घ्यायची आहेत, किमान तीन, जमल्यास पाच, आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचे आहे. शंभर विद्यार्थ्यांची मिळून दरवर्षी तीनशे ते पाचशे घरे झाली. पहिल्या वर्षाच्या मुलाने तोवर शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन एवढेच शिकलेले असते, रुग्ण तपासायला अजून वेळ असतो. नियमावलीत लिहिले आहे की या भेटींना आशा किंवा एएनएमची मदत घ्यावी. कोणत्या घरी गरोदर सून आहे, कुठल्या म्हाताऱ्याने गोळ्या सोडल्या आहेत आणि कुणाच्या दारात आधी चपला काढाव्या लागतात, हे तिला ठाऊक असते.